सोडतीत लागलेला जन्म

(एतो मोरी यांच्या ‘कलरफुल’ या जपानी कादंबरीविषयी)

आपल्या घरांत मरणाचा विषय हसत काढलेला चालत नाही. कुणी काढलाच, तर घरातली वडीलधारी माणसे ‘तौबा, तौबा’ म्हणतात आणि बोलणारा गप्प होतो. कबर, हिशेब, पूल-सिरात या गोष्टी आम्ही मक्तबात ऐकल्या त्या धाक म्हणून. त्यामुळे मरणानंतरच्या मुक्कामावर कुणीतरी हलकीफुलकी कादंबरी लिहिली आहे असे कळले, तेव्हा आमच्या मनात कुतूहलाआधी अढी आली.

ही अढी बरीचशी आमच्या कमी वाचनातून आलेली होती, हे कबूल केले पाहिजे. सीरियातील अंध कवी अबुल अला अल्-मअर्री (९७३–१०५७) याने सुमारे १०३३ साली ‘रिसालतुल गुफ्रान’ लिहिले. त्यात इब्नुल कारिह नावाचा विद्वान हश्रच्या मैदानात ताटकळतो. जन्नतचा दारवान रिजवान याला खूश करण्यासाठी तो त्याच्यावर कवने रचतो. पण कवन म्हणजे काय, हेच रिजवानला ठाऊक नसते! पुढे त्या गर्दीत बिचाऱ्याचा तौबेचा दाखला हरवतो आणि साक्षीदारासाठी त्याची धावपळ सुरू होते. शाळेच्या कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालणारा बाप आम्ही रोज पाहतो, म्हणून हा प्रसंग आम्हाला फार जवळचा वाटला. गालिबने जन्नतची केलेली थट्टा तर आपल्या तोंडी आहे. हिंदीत हरिशंकर परसाईंच्या ‘भोलाराम का जीव’मधला जीव यमलोकी पोचतच नाही, तो पेन्शनच्या फायलीत अडकून बसलेला असतो. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. परलोकाची थट्टा करणारा लेखक बहुधा परलोकावर हसतच नसतो. त्याची नजर इहलोकावर, इथल्या कचेऱ्यांवर आणि इथल्या माणसांवर असते.

‘कलरफुल’ ही याच जातीची कादंबरी आहे. लेखिका एतो मोरी यांचा जन्म १९६८ सालचा, तोक्योतला. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिता लिहिता त्या पुढे आल्या. २००६ साली त्यांना जपानमधला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला. ‘कलरफुल’ १९९८ साली जपानीत प्रसिद्ध झाली. २०१० साली केइची हारा यांनी तिच्यावर ॲनिमेशनपट काढला आणि २०१८ साली थायलंडमध्ये ‘होमस्टे’ या नावाने चित्रपट निघाला. जोसलिन ॲलन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद मात्र २०२१ साली, म्हणजे २३ वर्षांनी आला. आम्ही ती या अनुवादातून वाचली. मूळ भाषेविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. कथानक, व्यक्तिरेखा आणि विचार एवढ्यापुरतेच आमचे म्हणणे आहे. कादंबरीचा शेवट सांगितल्याशिवाय तिच्याविषयी खरे बोलता येत नाही. ज्यांना आधी ती वाचायची असेल त्यांनी हा लेख मागाहून वाचावा.

एक आत्मा वर चालला आहे. आपले नाव, गाव, वय त्याला काहीही आठवत नाही. वाटेत प्रापुरा नावाचा फरिश्ता त्याला अडवतो आणि त्याचे अभिनंदन करतो. कशाबद्दल? तर सोडतीत नंबर लागल्याबद्दल! आपल्याकडे म्हाडाच्या घरांची सोडत निघते, तशी तिथे जिवांची निघते. या आत्म्याने हयातीत मोठा गुन्हा केलेला आहे, म्हणून पुनर्जन्माच्या फेऱ्यातून त्याला बाद करण्यात आले होते. आता नशिबाने एक संधी मिळाली आहे. आत्मा म्हणतो, मला ती नको. पण निर्णय वरच्या साहेबांचा आहे आणि तिथेही साहेबांचा निर्णय फिरत नाही. नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माकोतो कोबायाशी या चौदा वर्षांच्या मुलाच्या देहात त्याने राहायचे आणि तिथे राहून आपला गुन्हा कोणता ते आठवायचे, अशी अट आहे. फरिश्त्यांच्या भाषेत या मुक्कामाला ‘होमस्टे’ म्हणतात. कोकणात पर्यटकांना घरी उतरवून घेतात, तोच शब्द.

मग इस्पितळातल्या खाटेवर माकोतो डोळे उघडतो. डॉक्टर चकित होतात, आईबाप रडतात. आत मात्र परका पाहुणा बसलेला आहे. तो या घराकडे भाडेकरूच्या नजरेने पाहतो. माणसे बरी दिसतात, असे त्याला वाटू लागते, तोच प्रापुरा खरी माहिती पुरवतो. बापाच्या कंपनीतले वरचे साहेब फसवणुकीच्या प्रकरणात पकडले गेले आणि आपल्याला बढती मिळाली म्हणून हा बाप आनंदाने नाचत होता. आईचे नृत्य शिकवणाऱ्या शिक्षकाशी संबंध होते. थोरला भाऊ मित्सुरू माकोतोला सतत टोचून बोलतो. माकोतोला आवडणारी हिरोका नावाची लहानगी मुलगी चांगल्या कपड्यांच्या आणि वस्तूंच्या हौसेपायी वयस्क पुरुषांबरोबर जाते. वर्गात त्याला कुणी मित्र नाही, उंची कमी, मार्क त्याहून कमी. जमते ते एकच, चित्र काढणे.

हा सगळा मजकूर एखाद्या गंभीर लेखकाच्या हाती पडला असता तर वाचणाऱ्याचा जीव गुदमरला असता. मोरी यांनी तो हसतखेळत सांगितला आहे. हा हलकेपणा वाचकाला खूश करण्यासाठी वरून शिंपडलेला नाही, हे आमच्या मते या कादंबरीचे मोठे यश आहे. निवेदक पाहुणा आहे, म्हणून तो निर्धास्त आहे. नापास झालो तर मार्क माकोतोचे, लोक हसले तर माकोतोला. त्यामुळे जे करायला माकोतो आयुष्यभर भ्यायला, ते हा पाहुणा सहज करून टाकतो. केस नीट कापतो, वर्गात तोंड उघडतो, साओतोमे नावाच्या एका साध्या मुलाशी दोस्ती करतो. स्वतःच्या दुःखापासून दोन पावले मागे सरकले की माणसाला श्वास घेता येतो. विनोद हे अंतर देतो. इथे ते काम कथानकानेच केले आहे.

आता व्यक्तिरेखांकडे पाहू. प्रापुराने दिलेली माहिती खोटी नसते, पण ती अपुरी असते. बापलेक एकदा मासे पकडायला म्हणून बाहेर पडतात आणि बाप प्रथमच स्वतःविषयी बोलतो. कंपनीतल्या खोट्या धंद्याला त्याने विरोध केला होता आणि त्यापायी वर्षानुवर्षे त्याला कोपऱ्यात बसवले होते. साहेब पकडले गेले तेव्हा तो हसला, ते सरळ माणसाला उशिरा का होईना न्याय मिळाला म्हणून. घटना तीच, हसणेही तेच. पण मुलाने पाहिलेला बाप वेगळा आणि खरा बाप वेगळा. टोचून बोलणारा मित्सुरूही भावाच्या त्या रात्रीने आतून हलून गेलेला आहे, हे हळूहळू कळत जाते.

हिरोकाचा प्रसंग तर कादंबरीचा गाभाच आहे. सुंदर गोष्टी तिला हव्याशा वाटतात आणि कधी कधी त्याच मोडून टाकाव्याशा वाटतात. माकोतोचे अर्धवट राहिलेले निळे चित्र ती एकदा बरबाद करायला निघते. आपण वेड्या आहोत का, असे तिला स्वतःलाच वाटते. निवेदक तिला समजावतो की सगळेच असे असतात. प्रत्येकात पुष्कळ रंग असतात, चांगले आणि घाणेरडे, आणि आपला खरा रंग कोणता हे कुणालाच नक्की ठाऊक नसते. कादंबरीचे नाव इथून आले आहे. हे म्हणणे नवे नाही. पण ते चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडी येते, आणि तो ते बोलता बोलता स्वतःच शिकत असतो. म्हणून त्याचा उपदेश होत नाही.

शेवट असा. आत्म्याला आपला गुन्हा आठवतो. त्याने एका माणसाचा जीव घेतला होता, आणि तो माणूस म्हणजे तो स्वतः. पाहुणा म्हणून ज्याच्या घरी उतरलो तो माकोतो आपणच आहोत, हे त्याला कळते. दुसरा जन्म म्हणून जो मिळाला तो पहिलाच होता. घर तेच, आईबाप तेच, शाळा तीच. बदलली ती नजर. पुन्हा जीव गुदमरायला लागला तर हे होमस्टेचे दिवस आठव, आयुष्य म्हणजे काही दशकांचा जरा लांबलेला मुक्काम आहे असे समज, अशा अर्थाचे सांगून प्रापुरा निरोप घेतो. ते वाचताना आम्ही थबकलो. दुनिया मुसाफिरखाना आहे, हे वाक्य आपण मयतीच्या घरी बसून कितीदा ऐकले असेल! पण आपण ते ऐकतो ते हात झटकण्यासाठी, की इथे काय ठेवले आहे. जपानी फरिश्ता तीच गोष्ट उलट टोकाने सांगतो. मुक्काम थोडाच आहे, तर भिऊ नकोस, नीट राहा.

इथे एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येईल, आमच्याही आला. कादंबरीचा सांगाडा पुनर्जन्माच्या कल्पनेवर उभा आहे. ती बौद्ध परंपरेतून आलेली आहे आणि आपल्या अकीद्यात तिला जागा नाही. मेलेला माणूस बरजखमध्ये असतो. आम्हाला पुन्हा दुनियेत पाठव, आम्ही नेक अमल करू, अशी विनवणी करणाऱ्यांना परत पाठवले जाणार नाही, असे सूरह अल्-मुअ्मिनूनमध्ये आले आहे. तौबेचा दरवाजा उघडा आहे तो श्वास चालू असेपर्यंत. मग ही कादंबरी आपली कशी? आमचे उत्तर असे आहे की शेवटी येता येता कादंबरी आपला सांगाडा स्वतःच मोडते. दुसरा जन्म कुणालाच मिळालेला नाही. माकोतो इस्पितळात वाचला, एवढेच शेवटी हाती उरते. दुसरी संधी मरणाच्या पलीकडे नाही, ती अलीकडे आहे. वाट वेगळी असली तरी ही जपानी लेखिका जिथे पोचते ती जागा आपल्या ओळखीची आहे. आणि माकोतोचा जो गुन्हा तिने मोठा मानला, तो आपणही हरामच मानतो. फरक इतकाच की आपण तो शब्द उच्चारून थांबतो. त्या मुलाच्या शेजारी बसून त्याच्या मनात काय चालले आहे ते ही कादंबरी विचारते.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. हे पुस्तक चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावे का? माकोतो जपानमधल्या माध्यमिक शाळेच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या नववीला आहे, आणि आम्ही नववी-दहावीला शिकवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत १,८३४ महाराष्ट्रातले होते, हा आकडा सर्व राज्यांत जास्त. अशा वेळी, मेल्यावर फरिश्ता भेटतो आणि संधी देतो, असे वाटायला लावणारे पुस्तक धोक्याचे नाही का? आम्ही पुष्कळ विचार केला. एकट्या, खचलेल्या मुलाच्या हाती ते नुसते ठेवून देऊ नये, असेच आमचे मत झाले. वर्गात मोठ्याने वाचावे, सोबत बसून वाचावे, आणि शेवट झाल्यावर स्पष्ट सांगावे की माकोतोला संधी मिळाली कारण तो वाचला. सोडत फक्त गोष्टीत निघते. मदतीसाठी सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे, तिचा १४४१६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. एवढे केले तर दहा व्याख्यानांनी होणार नाही ते हे पुस्तक करील, असा आमचा विश्वास आहे.

कादंबरीत उणिवा आहेतच. सराईत वाचकाला शेवटाचा अंदाज बराच आधी येतो. आईची व्यक्तिरेखा दुबळी राहिली आहे. आपण अगदी सामान्य आहोत या जाणिवेने ती कधी हा वर्ग, कधी तो वर्ग करत राहते, हे दुःख खरे आहे, आपल्या घरांतल्या कितीतरी बायांचे आहे. पण ते बहुतांशी एका पत्रातून सांगून टाकले जाते. बापाला नदीकाठ मिळाला, आईला नुसता कागद! हिरोकाच्या बाबतीतही, तिला घेऊन जाणाऱ्या पुरुषांविषयी लेखिका फारसे बोलत नाही. रंग सगळ्यांत असतात हे खरे, पण काही रंगांचा जाब विचारायला हवा होता. सगळ्यांना समजून घेण्याच्या भरात कुणालाच दोष न देण्याकडे कादंबरी झुकते. आणि तिसरी उणीव आम्हाला फार लागली. या शाळेच्या गोष्टीत शिक्षक जवळपास नाहीच. वर्गशिक्षक येतो तो मुख्यतः परीक्षा आणि पुढच्या प्रवेशाची बोलणी करायला. मुलगा मरणाच्या दारात जाऊन आला, आणि शिक्षकाला त्याच्या मार्कांची काळजी!

ही उणीव लेखिकेची की आमच्या पेशाची, हे मात्र आम्हाला ठरवता आले नाही.

बी.एड.ला असताना आम्ही ‘पौगंडावस्था’ हे प्रकरण पाठ केले होते, एका विद्यार्थ्याचा व्यक्ती-अभ्यास लिहून त्यावर चांगले गुणही मिळवले होते. पुढे नोकरी लागली. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. रोज उशिरा यायचा, मागच्या बाकावर डोके टेकून झोपायचा. त्याच्या प्रगतिपुस्तकात आम्ही तिन्ही वेळा एकच शेरा लिहिला, ‘बेशिस्त, अभ्यासात लक्ष नाही.’ तिसऱ्यांदा लिहिताना मान वर करून त्याच्याकडे पाहिलेही नाही. नववीनंतर त्याने शाळा सोडली. मागाहून कळले की बापाचा हात मागात सापडला होता आणि रात्रपाळीला बापाच्या जागी हा उभा राहत होता. आम्ही लिहिलेला शेरा खोटा नव्हता. मुलगा उशिरा येत होता, झोपत होता. प्रापुराच्या माहितीइतकाच तो खरा होता आणि तितकाच अपुरा.

‘कलरफुल’ आम्ही वाचली ती यानंतर. बाप नदीकाठी बोलू लागतो त्या पानावर आम्ही पुस्तक मिटून ठेवले. आम्ही त्या मुलाला कधी नदीकाठी नेले नव्हते. नदीकाठ सोडा, मधल्या सुट्टीत पाच मिनिटे जवळ बसवून विचारले नव्हते.

दोन वर्षांनी तो शाळेच्या फाटकाशी दिसला. मिसरूड फुटले होते, आम्ही ओळखले नाही. त्यानेच सलाम केला. बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. कचेरीत बसून आम्ही दाखला लिहिला. वर्तणुकीचा रकाना आला तसा तो जरा पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, “सर, यहाँ क्या लिखेंगे?”

मअर्रीच्या त्या विद्वानाचा तौबेचा दाखला गर्दीत हरवला होता. आमचा कुठे हरवला होता, ते आम्हाला त्या टेबलापाशी कळले. आम्ही ‘चांगली’ असे लिहिले, आणि माफीचे दोन शब्द तोंडात जुळवत होतो तोवर तो सही घेण्यासाठी मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेलासुद्धा.

माकोतो या नावाचा अर्थ जपानीत ‘खरा’ असा होतो. दुसरी संधी मिळाल्यावर तो कुणी मोठा चित्रकार झाला, असे मोरी लिहीत नाहीत. चित्रकलेला महत्त्व देणाऱ्या खासगी शाळेत घालायची घरच्यांची तयारी असताना तो साओतोमेबरोबर साध्या सरकारी शाळेत जायचे ठरवतो. कादंबरीत मोठा चमत्कार म्हणावा असा हाच. मुलाला मित्र मिळाला आणि त्याच्याबरोबर शाळेत जावेसे वाटले. हलक्याफुलक्या कादंबऱ्या पुष्कळ निघतात, एकदा हसवून विसरल्या जातात. ही आम्ही विसरणार नाही, कारण हिने आम्हाला आमच्या हातातल्या लाल पेनाकडे पाहायला लावले.

आमचा तो विद्यार्थी आता रविवारी सकाळी मराठी वाचायला घरी येतो. अजूनही उशिरा येतो. आम्ही काही लिहून ठेवत नाही, चहा ठेवतो. मार्चमध्ये त्याची परीक्षा आहे. पूर्वी नापास झालेल्याला ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली.

मार्चला राहिला, तर जुलै आहे.